वकिलाला पैसे पाठवण्याआधी

प्रिय सुहास,

टोरांटोत थंडी सुरू झाली असेल. वकिलाच्या फीचे पैसे पाठवू का, असं विचारलंस. मी म्हणतो, इतक्यात नको.

तुमच्या भावकीच्या भांडणाचं मूळ जमिनीच्या एकत्रीकरणात आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली गावोगाव गट पडले आणि कितीतरी ठिकाणी सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची असा घोळ झाला. विहिरीकडचं रान कागदावर तुझं, पण कसतो भावकीतला दत्ता. माळाकडचं त्याच्या नावावर, पण पिकवतो तुझा वाटेकरी. दोघांच्याही वडिलांचं आयुष्य तारखा घेण्यात गेलं. लबाडी कुणाची होती, हे आता ठरायचं नाही रे. ज्यांना ठाऊक होतं ती माणसंच उरली नाहीत.

म्हणून मला सलोखा योजना मनापासून पटते. २०२३ च्या जानेवारीत राज्य सरकारनं ती आणली. आधी कोण चुकलं, हे ती विचारतच नाही. एकमेकांची शेतजमीन किमान बारा वर्षं एकमेकांच्या ताब्यात असली आणि दोघं राजी असले, की तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. मग अदलाबदलीचा दस्त होतो. मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. एवढ्यात तर तुमच्या वकिलाची एक तारीखही निघत नाही!

अडतं ते राजी होण्यापाशी. दत्ताच्या मनात राग आहे, तुझ्याही आहे. हा राग जाईपर्यंत थांबलास तर पुढची पिढी कोर्टात दिसेल. आधी फक्त विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवा, कागदावर लिहा, एक हंगाम पाळा. शब्द पाळला जातो हे दिसलं, की जमिनीचं बोलणं सोपं जाईल. मध्यस्थ मात्र भावकीबाहेरचा हवा. आपल्या तंटामुक्त समितीतले जुने मास्तर दोघांनाही चालतील. तडजोड झाली की चालू दावा लोकअदालतीत ठेवा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, आणि कोर्ट फीही परत मिळते.

योजना मुदतीची आहे, तेव्हा रेंगाळू नकोस. येत्या रविवारी दत्ताला तूच फोन कर, आणि जमिनीचा विषय काढण्याआधी त्याच्या घरच्या काकूंच्या गुडघ्याची चौकशी कर.

तुझा,
मोहन