कानामागचा सांधा

जुन्या चिनी मातीच्या कपाचा कान बघावा. त्याच्या आसपास हमखास एक सांधा सापडायचा. गुलाबाची अर्धी पाकळी इकडून यायची, अर्धी तिकडून, आणि दोघींची गाठ जेमतेम पडायची. कधी पडायचीही नाही. कागदावरची नक्षी हाताने चिकटवल्याची ती खूण. ती ट्रान्सफर छपाई आता जवळजवळ संपली. तिच्यासाठी कुणी शोकसभा घेतली नाही, म्हणून हे चार शब्द.

मुळात ती काटकसरीतून आलेली कला. हाताने रंगवलेली ताटं श्रीमंतांची. बाकीच्यांनी कोऱ्यावर समाधान मानायचं. 1756 मध्ये लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी शपथेवर सांगितलं, की सहा तासांत आम्ही बाराशेहून अधिक टाइल्स छापल्या. 1784 च्या सुमारास स्टोकच्या जोसाया स्पोडने झिलईखालच्या निळ्या छपाईची घडी बसवली, आणि मध्यमवर्गाच्या ताटात झाडं, पूल, देवळं उगवली.

नक्षी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली असे. पत्रा तापवून, उकळलेल्या तेलात कालवलेला कोबाल्टचा रंग तिच्यात भरायचा, जादाचा पुसायचा, साबणाच्या पाण्याने ओलावलेला झिरझिरीत कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढायचा. इथवर पुरुषाचं काम. पुढचं बायकांचं. पोरी कात्रीने तुकडे कापून देत, बाई ते भाजलेल्या पण झिलई न चढवलेल्या ताटावर बसवी, ताठ ब्रशाने रगडी आणि कागद पाण्याने धुऊन टाकी. रंग मातीत राहिलेला असे. सपाट कागद खोलगट बशीत सुरकुती न पाडता बसवायचा म्हणजे नऊवारीच्या निऱ्यांइतकंच बोटांचं कसब. पण बशीच्या पाठीवर नाव कंपनीचं. चिकटवणारीचं कुठेच नाही.

आमच्या बेंगळुरूची ब्रिटिश लष्करी छावणी 1809 ची, म्हणजे या निळ्या ताटांच्या ऐन भराच्या काळातली. त्याच सुमारास स्पोडने आपल्याकडच्या शिकारीची चित्रं एका इंग्रजी पुस्तकातून उचलून ताटांवर छापली. ज्यांनी जन्मात हिंदुस्थान पाहिला नव्हता, ते विलायतेत बसून वाघावर मटण वाढून घेत!

शहराला पुढे स्वतःचा कारखानाही मिळाला. 1930 च्या दशकात, मिर्झा इस्माईल दिवाण असताना, मल्लेश्वरमजवळ टाटा इन्स्टिट्यूटसमोर (आजच्या भारतीय विज्ञान संस्थेसमोर) सरकारी पोर्सिलेन फॅक्टरी उभी राहिली. पण तिचं नाव झालं ते विजेच्या तारा पेलणाऱ्या इन्सुलेटरमुळे. 1976 मध्ये ती भेलकडे (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे) गेली.

आमच्यासारख्या बेंगळुरूकर मराठी घरांत कॉफी स्टीलच्या टंबलरमधून. फुलांच्या कपबश्या काचेच्या कपाटात, पुण्याहून किंवा बेळगावहून कुणी आलं की चहासाठी बाहेर निघत. त्या धुवायचा मान आईचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तिचं बरोबरच होतं. या कपांवरची फुलं झिलईच्या वर, साधारण आठशे अंशांवर पक्की केलेली. काथ्याने चार वर्षं घासलं की आधी सोनेरी कड जायची, मग पाकळ्या. उरलेल्या सोन्याचा काळ ठरला मायक्रोवेव्ह: त्यात ते ठिणग्या टाकतं. दरम्यान कागदाची जागा पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकलने घेतली होती. ते कपाच्या मापाने बेतलेलं येतं, पटकन बसतं. वाईट काहीच नाही त्यात, पण बघण्यासारखंही फारसं नाही.

2008 मध्ये स्पोड कंपनीचं दिवाळं वाजलं आणि पुढच्या वर्षी तिचं नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं. इंग्लंडमधल्या बर्स्लेमच्या मिडलपोर्ट पॉटरीत मात्र बर्ली कंपनी अजून जुन्या पद्धतीने कागद रगडते. छापील म्हणून ज्या मालाला कधी रंगवलेल्या ताटांच्या खालची फळी मिळायची, तोच तिथे आज हातकाम म्हणून विकला जातो, आणि किंमतही हातकामाचीच लावतात.