लाइपझिग की कॉर्क?

मैत्रिणींनो, परदेशी नोकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कोट घातलेले यजमान पुढे आणि बॅगा, पोरं सावरत बायको मागे. आमच्या घरी यंदा उलटं घडतंय. आमची सून मिरजेत नर्स आहे, अतिदक्षता विभागात नऊ वर्षं काढलेली. जर्मनी आणि आयर्लंड, दोन्हीकडे तिच्यासारखीला मागणी आहे. मुलगा शाळेत गणित शिकवतो, नातू मराठी शाळेत तिसरीत. कुठे जायचं यावर रोज रात्री जेवणं झाली की हात सुकेपर्यंत चर्चा!

त्यात माझ्या मताला थोडी किंमत आहे, कारण दोन्ही गावं मी पाहून आले. २०२४ च्या मे महिन्यात भाचीकडे लाइपझिगला गेले, महिनाभर राहिले आणि तिथून पंधरा दिवस पुतणीकडे कॉर्कला. दोघीही नर्सच. (एक आधीच सांगते. जर्मनीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. तिथला अर्ज वेगळा, पैसे वेगळे.)

लाइपझिग पूर्वीच्या पूर्व जर्मनीतलं. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले, तोवर तिकडचं. ट्राम खडखडत जातात, जुन्या इमारतींची छतं इतकी उंच की जाळी काढायला शिडीच हवी. भाचीनं घर भाड्यानं घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात काय होतं म्हणता? भिंतीतून आलेले पाण्याचे पाइप आणि शेगडीची वायर. ओटा नाही, सिंक नाही, एक फळीसुद्धा नाही! तिकडे बरेचदा स्वयंपाकघर आपलं आपण आणून बसवायचं आणि घर सोडताना काढून न्यायचं. भाडंही दोन प्रकारचं, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या जागेचं. त्यात हीटर, पाणी, कचरा मिळवला की गरम. जाहिरातीतला थंड आकडा वाचून हुरळून जाऊ नका.

रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी घरात दूध संपलं आणि मी आपली पिशवी घेऊन निघाले, तर रस्ते सामसूम. भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी. पण त्याच रविवारी शेजारीण आम्हाला तिच्या बागेत घेऊन गेली. शहराच्या कडेला कुंपण घातलेले लहान लहान वाफे, प्रत्येकात एक खोपटं. या बागांना लाइपझिगच्याच श्रेबर नावाच्या डॉक्टरांचं नाव आहे. मला भाषा येत नव्हती, तिला मराठी. तरी मुळ्याचा पाला फेकू नको, त्याची भाजी होते, हे मी तिला हातवारे करून पटवलं!

आता खरी गोष्ट. भाचीनं पुण्यात सव्वा वर्ष जर्मन केलं, तरी तिथे पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर राबली. तिचं पुढे छान झालं. जावईबापू मात्र एम.कॉम. असून विमानतळाजवळच्या पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करत होते, कारण भाषा कच्ची. पहाटे येऊन ते गुपचूप चहा करून घेत. मी जागी असायची, पण उठायची नाही. त्यांना संकोच व्हायचा. एक मात्र खरं, ते नुसते शिकत होते तेव्हाही सरकारी आरोग्यविमा बायकोच्या पगारातून सगळ्या घराला होता, वेगळा हप्ता नाही.

कॉर्कला डब्लिनहून बसनं तीन तास. ली नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेलं गाव, दोन्ही बाजूंना चढणीच्या गल्ल्या आणि पाऊस असा की सकाळी वाळत घातलेला टॉवेल चारदा आत आणायचा. १७८८ पासूनचा इंग्लिश मार्केट नावाचा छपराखालचा बाजार आहे, तिथली मासळी पाहून कोकणातल्या बायकांना माहेर आठवेल. पुतणीनं इंग्रजीची परीक्षा दिली, तिकडच्या नर्सिंग मंडळाची नोंदणी केली आणि पहिल्या महिन्यापासून रोग्यांशी बोलू लागली. (आजींचे उच्चार कळायला मात्र सहा महिने लागले म्हणते.) नर्सच्या नवऱ्याला तिथे वेगळा परवाना न काढता काम करता येतं.

मग अडलं कुठे? घरात! भाड्याचं घर मिळता मिळत नाही. पुतणी आठ महिने दुसऱ्या दोन नर्सेसबरोबर एका खोलीत राहिली. डॉक्टरकडे साधा ताप दाखवायला गेलं तरी पन्नास-साठ युरो मोजायचे.

तरी मी सुनेला आयर्लंड म्हटलं. पगाराकडे पाहून नव्हे, नातवाकडे पाहून. लाइपझिग ज्या सॅक्सनी राज्यात येतं, तिथे चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, कुणी गिम्नाझिअमला, कुणी दुसरीकडे. आमचा बाळ जाईल तेव्हा त्याच्या हातात जेमतेम वर्ष उरेल आणि तेवढ्यात जर्मन शिकून दाखवायचं. आयर्लंडमध्ये ही घाई नाही. आयरिश भाषा शिकावी लागेल, पण ती वर्गातल्या बाकीच्यांनाही घरून येत नसते. आणि मुलगा? जर्मनीत शिक्षकाला पक्की भाषा आणि बहुधा दोन विषय लागतात. आयर्लंडमध्येही नोंदणीची खटपट आहेच, पण निदान गणित इंग्रजीतून शिकवायचं. घरात लहान मूल नसतं आणि नवरा भाषेला भ्याला नसता, तर मीच म्हटलं असतं, लाइपझिगला जा, बाग घे.

‘हे’ म्हणाले, “तुझा त्यात काय फायदा?” काहीच नाही. दोन्हीकडे सासूला नव्वद दिवसांचाच भेटीचा व्हिसा. शिवाय घर मिळेपर्यंत सून एकटीच पुढे जाणार, म्हणजे नातू आणि त्याचे बाबा इथे माझ्याकडे. बाळाला हे अजून सांगितलेलं नाही. कोण सांगणार यावरूनही रात्री चर्चा होते आणि तेवढी मात्र लवकर संपते.

सूनबाईंची इंग्रजीची परीक्षा दिवाळीनंतर आहे. तोवर संध्याकाळचा स्वयंपाक मी माझ्याकडे घेतलाय.