ज्यांना दिलं नाही, त्यांचं काय झालं?

मी बाजारभावाचं पान लावणारा माणूस. लासलगावला कांद्याची आवक किती, सरासरी काय निघाली, एवढ्यावर माझी नोकरी चालायची. एप्रिल २०२१मध्ये आरोग्याच्या बातम्या पाहणारा सहकारी आजारी पडला आणि संपादक म्हणाले, "आकडेच आहेत ना? तू बघ."

कोरोनाची लाट होती. नाशकात तेव्हा रेमडेसिविर इंजेक्शनसाठी मेडिकलपुढे रांगा होत्या. डेस्कवरचा फोन सारखा खणखणायचा. "दादा, इंजेक्शन कुठे मिळेल?" "प्लाझ्मा देणारं कुणी आहे का?" मी काय सांगणार, कप्पाळ!

ओळखीच्या डॉक्टर मॅडमनी प्लाझ्मा उपचारावरच्या प्लॅसिड चाचणीचा अहवाल पाठवला. तो ऑक्टोबर २०२०मध्येच छापून आला होता. देशातली ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. कुणाला प्लाझ्मा द्यायचा हे डॉक्टरांनी नाही, सोडतीनं ठरलेलं. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ जणांपैकी ४४ गंभीर झाले किंवा दगावले. न मिळालेल्या २२९ पैकी ४१.

मी फोन केला. "मॅडम, पण उरलेले १९१ तर सावरले की!"

"आणि प्लाझ्मा न घेता सावरलेले १८८? त्यांचं श्रेय कुणाला देणार?"

त्यानंतर हाती येईल त्या अहवालात मी आधी दुसरा गट शोधू लागलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत रेमडेसिविरनं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. अमेरिकेतल्या चाचणीत मात्र रुग्ण १५ऐवजी १० दिवसांत बरे झाले होते. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोननं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शानं घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा नव्हता. हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. त्यासाठी एकही फोन आला नाही.

१७ मेला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) प्लाझ्मा उपचारांतून वगळला. प्लाझ्मासाठी फोन तरीही येतच राहिले.

जुलैत कोव्हॅक्सिन लशीची परिणामकारकता जाहीर झाली: ७७.८ टक्के. "म्हणजे शंभरातले बावीस आजारी पडणार!" डेस्कवर कुणीतरी निकाल देऊन टाकला. मी कागद पुढे केला. जवळपास सारख्याच आकाराचे दोन गट. लस घेतलेल्यांत २४ रुग्ण, लशीविना नुसती सुई टोचलेल्यांत १०६. शंभर माणसांतले बावीस नव्हेत. लस नसती तर जे शंभर आजारी पडले असते, त्यांतले बावीस.

बातमीत मी दोन्ही आकडे घातले. संपादकांनी १०६वर बोट ठेवलं. "लस न घेतलेल्यांचा आकडा कशाला? जागा खातोय."

म्हटलं, "साहेब, हवं तर टक्के काढा. हा राहू द्या."