एका गोलंदाजाचा हिवाळा

देहूरोडच्या बाजारातून निघून मामुर्डीच्या रस्त्याने गहुंज्याला पायी जायचे म्हटले, तर मला सव्वा तास लागतो. डेपोतून निवृत्त झालो तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. पण कुठे पोहोचायचे नसताना चालणे हा प्रकार मला कधी जमला नाही. २०१३ च्या हिवाळ्यात मात्र चालायला कारण मिळाले. महाराष्ट्राचा रणजी संघ गहुंज्याच्या मैदानावर खेळायला येत होता, आणि त्या संघात समद फल्लाह नावाचा एक डावखुरा मध्यमगती गोलंदाज होता. एक अख्खा हंगाम मी त्या गोलंदाजाच्या मागावर होतो. त्याला याची कल्पना असण्याचे कारण नाही. आमची ओळख नव्हती आणि आजही नाही.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा एकदिवसीय सामना गहुंज्याला झाला होता. दिवस रविवारचा. द्रुतगती मार्गाच्या कडेने वाहनांच्या रांगा लागल्या होत्या, गालांवर तिरंगा रंगवलेली मुले झेंडे विकत फिरत होती. भारत ७२ धावांनी हरला आणि रात्री ती सारी गर्दी मुकाट घरी परतली. पुढे काही आठवड्यांनी मी त्याच मैदानाच्या फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा पहारेकऱ्याने मला विचारले, “काका, कोणाला भेटायचंय?” मी म्हटले, “मॅच बघायचीय.” त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले आणि आत सोडले. तिकीट नव्हतेच.

सदतीस हजारांच्या आसपास माणसे मावतील अशा त्या वर्तुळात आम्ही मोजून साठ-सत्तर जण होतो. खेळाडूंचे कोणी नातलग, शाळा चुकवून आलेली दोन-चार मुले, माझ्यासारखे काही पेन्शनर. शांतता अशी की चेंडू बॅटच्या कडेला लागला तर तो आवाज वरच्या रांगेपर्यंत यावा. पलीकडे घोरावडेश्वराचा डोंगर, मधूनच महामार्गावरून ट्रकचा भोंगा. ज्या मैदानावर गर्दी असते तिथे माणूस खेळ पाहतो. रिकाम्या मैदानावर तो खेळणाऱ्याला पाहतो.

मी याच गोलंदाजाला का निवडले, ते आता सांगायला हवे. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. आमचा थोरलाही अठ्ठावीसचा. तो डावखुरा, आमचा थोरलाही डावखुरा.

आमचे घराणे मूळचे श्रीरामपूरजवळच्या हरेगावचे. वडील साखर कारखान्याच्या मळ्यात राबले. मी देहूरोडच्या डेपोत भांडारात चिकटलो आणि तिथेच केस पिकले. थोरला लहानपणी चर्चच्या आवारात टेनिसच्या चेंडूने खेळे. पुढे सीझन बॉल हातात आला, आणि पुण्यातल्या एका क्लबात जायला तो पहाटेची लोकल पकडू लागला. हिवाळ्यात अंधारातच दार ओढून घेतल्याचा आवाज येई. त्याची आई डब्यात चपाती-भाजी द्यायची. मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. त्याचा खेळ मी किती वेळा पाहिला असेल? दोनदा. एकदा तर अर्ध्यावरून उठून आलो.

तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारांची भरती निघाली. त्याच सुमारास क्लबच्या प्रशिक्षकांनी त्याला निवड चाचणीला पाठवायचे ठरवले होते. दोन्ही एकाच आठवड्यात. मी त्याला ओरडलो नाही, मारले तर मुळीच नाही. फक्त जेवताना म्हणालो, “चेंडू फेकून कोणाचं घर चालत नाही. उद्या माझ्यासोबत फॉर्म भरायला चल.” तो आला. वाद घालता तर मला उत्तरे तरी द्यावी लागली असती. तो काहीच बोलला नाही. त्या रविवारी त्याने बुटांचे खिळे पुसले, त्यांना तेल लावले, बूट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पिशवी माळ्यावर ठेवली. पुन्हा वापरायच्या वस्तूला माणूस तेल लावतो हे मला भांडारात इतकी वर्षे काढून ठाऊक नव्हते असे नाही.

नोकरी लागली, कायम झाली, लग्न झाले. विकासनगरला आम्ही एकत्रच राहतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. क्रिकेटचा विषय मात्र आमच्या घरातून असा नाहीसा झाला, जणू तो कधी नव्हताच.

माझ्या बाजूने युक्तिवाद भरपूर होते आणि मी ते मनात अनेकदा मांडून पाहिले होते. पद्माकर शिवलकरांचे उदाहरण तर मला तोंडपाठ होते. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे १२४ सामने आणि ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला होता. तरी भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांची कथा तीच. रणजीत ६३७ बळी, १९७४ मध्ये बंगलोरच्या कसोटीसाठी संघाबरोबर गेले आणि बाहेरच बसून राहिले. सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर पुस्तक लिहिले तेव्हा या दोघांनाही त्यात स्थान दिले, हा त्यांचा मोठेपणा. पण पुस्तकातल्या प्रकरणावर घरभाडे भागत नाही, असे मी मनाशी म्हणत असे. अमेरिकेतही हेच. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण २००८ मध्ये पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने करारबद्ध केले. रिंकू डावऱ्या हाताने चेंडू टाकायचा. खालच्या दर्जाच्या लीगमध्ये तो काही हंगाम खेळला, मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही आणि शेवटी कुस्तीच्या आखाड्यात उतरला. दिनेश तर त्याआधीच मायदेशी परतला होता.

हे सारे खरेच होते. तरीही मी सव्वा तास चालत गहुंज्याला जात होतो.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी थोरला माझ्याबरोबर आला. आमच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि सामनाही गुरुवारीच सुरू होत होता. “तुला मोटरसायकलवर मला सोडता येईल का?” एवढेच मी विचारले होते. फाटकाशी उतरवून तो परत जाईल असा माझा अंदाज. त्याने गाडी उभी केली, हेल्मेट काढले आणि माझ्यामागून आत आला.

गवतावर अजून दहिवर होते. नवा चेंडू, नवी खेळपट्टी. फल्लाह धावत आला, आणि आम्ही दोघे बाजूला न बसता थेट विकेटच्या रेषेत, वरच्या रांगेत जाऊन बसलो. जागा थोरल्याने निवडली. पहिली दोन षटके तो गप्प होता. मग एकाएकी बोलू लागला.

“पप्पा, त्याच्या मनगटाकडे बघा. चेंडूची शिवण सरळ उभी आहे. डावखुऱ्याचा चेंडू उजव्या फलंदाजाला तिरका बाहेर जातो, त्यामुळे फलंदाज सोडायच्या तयारीत असतो. म्हणून दोन-चार चेंडू तसेच बाहेर जाऊ द्यायचे. मग एक आत आणायचा.”

“आत कसा आणायचा?”

“चकचकीत बाजू फिरवायची. पण हात तसाच आला पाहिजे. हात बदलला की फलंदाजाला कळतं.” त्याने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, तिच्या बुचावर दोन बोटे ठेवली आणि मला पकड दाखवली. “आता बघा, हा क्रीजच्या कडेवरून टाकतोय. म्हणजे कोन वाढला. सकाळचा हा एक तास आपला असतो. ऊन वर आलं की चेंडू सरळ जायला लागतो, मग नुसती मजुरी. ऐंशी षटकांनी नवा चेंडू मिळेपर्यंत टाकत राहायचं.”

‘आपला’ असे तो म्हणाला. दहा वर्षे एका ताटावर जेवत असताना त्याचा हा आवाज मी ऐकला नव्हता. कारखान्याविषयी तो बोलतो तेव्हा वाक्ये आखूड असतात. ओव्हरटाइम आहे, बस चुकली, सुपरवायझर बदलला. इथे मात्र तो वर्गात शिकवावे तसा, किंवा प्रेमात पडलेल्या माणसासारखा, न थांबता बोलत होता. मला त्याच्याइतके गोलंदाजीतले काही कळत नव्हते. पण मी काय माळ्यावर ठेवायला लावले होते, ते तेव्हा प्रथम कळले.

मी विचारले, “तुला वाईट वाटतं का रे?”

त्याने मान वळवली नाही. “थांबा पप्पा, हा आत येणार बघा.”

चेंडू आत आला नाही. फलंदाजाने बॅट वर उचलून तो सोडून दिला. थोरला हसला आणि म्हणाला, “फसवलं. मलाही.”

त्यानंतर आमच्यात एक नवा व्यवहार सुरू झाला. कामाच्या वेळेत कारखान्यात मोबाइल बंद, जेवणाच्या सुट्टीत चालू. मी सकाळभर धावफलक पाहून त्याला त्या सुट्टीआधी संदेश पाठवायचो. मराठी टंकन येत नसल्याने इंग्रजी अक्षरांत, चुकतमाकत. तो उलट एकच प्रश्न पाठवी, “फल्लाह?” त्या हंगामात खरे तर फलंदाजांचाच गाजावाजा होता. केदार जाधवने १२२३ धावा केल्या, विजय झोलने त्रिपुराविरुद्ध पदार्पणातच नाबाद दोनशे. वर्तमानपत्रांत छायाचित्रे त्यांची यायची. गोलंदाजाचे नाव शेवटच्या ओळीत, कंसातल्या आकड्यांत. आम्ही दोघे शेवटच्या ओळीपासून वाचायला लागलो.

जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवर मुंबईशी गाठ पडली. मुंबई ४०२, आपण २८०. सारे संपले असे वाटले. मग आपल्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ धावांत गुंडाळले, आणि जाधव व झोल यांनी २५२ धावांचे लक्ष्य दोन गड्यांच्या मोबदल्यात गाठून दिले. त्या दिवशी माझा संदेश एवढाच होता, “मुंबई १२९.” त्याचे उत्तर आले, “खोटं.” इंदूरच्या उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत आटोपला, आणि महाराष्ट्र १९९२-९३ नंतर प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला होता तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्या संघात सांगलीचे विजय सॅम्युएल हजारे होते, हे आपल्या लोकांना सांगायला मला नेहमीच आवडते. विषय निघाला नसला तरी मी सांगतो.

अंतिम सामना हैदराबादला, कर्नाटकाशी. आपल्या ३०५ धावांना त्यांनी ५१५ चे उत्तर दिले. राहुलने १३१ केल्या, गणेश सतीशने ११७. थोरल्याने ज्याला मजुरी म्हटले होते ती दूरदर्शन संचावर मी डोळे भरून पाहिली. ऊन, सपाट खेळपट्टी, जुना चेंडू आणि तीच धाव, पुन्हा पुन्हा. टप्पा चुकला की चौकार. मग टोपी काढायची, घाम पुसायचा आणि चालत मागे जायचे. मी भांडारात पस्तीस वर्षे हेच केले होते, आणि थोरलाही रोज हेच करीत होता. ‘चेंडू फेकून’ हे मी ज्या सुरात म्हणालो होतो, तो सूर मला आठवला.

२ फेब्रुवारीचा रविवार उजाडला. दुसऱ्या डावात आपण ३६६ धावा केल्या होत्या आणि कर्नाटकाला हव्या होत्या १५७. मिस्सेहून परत आलो, आशीर्वादित केलेल्या मेणबत्त्या वेदीजवळ ठेवल्या आणि सामना लावला. थोरला जमिनीवर भिंतीला टेकून बसला. कर्नाटक सात गडी राखून जिंकले. त्याने आवाज बंद केला, पण चित्र तसेच ठेवले. हरलेले खेळाडू सीमेजवळ उभे होते.

मी म्हणालो, “मी तुला त्या चाचणीला जाऊ द्यायला हवं होतं.”

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “निवड झाली नसती तरी चाललं असतं, पप्पा. मी कुठवर आहे तेवढं कळलं असतं.”

यावर मला उत्तर नव्हते. नातीने मध्येच येऊन कार्टून लावायला सांगितले, तेव्हा आम्हा दोघांनाही बरेच वाटले.

केदार जाधव त्याच वर्षाच्या अखेरीस भारताकडून खेळला. फल्लाहला ते बोलावणे कधी आले नाही. पावणेतीनशेहून अधिक प्रथम श्रेणी बळी घेऊन, महाराष्ट्रासाठी अनेक हिवाळे गोलंदाजी करून, तो पुढे उत्तराखंडकडे गेला. २०२१ मध्ये मंडळाने अनुभवी रणजी खेळाडूंचे मानधन दिवसाला ६०,००० रुपये केले, तेव्हा थोरल्याने ती बातमी मला वाचून दाखवली आणि “बघा, घर चाललं असतं,” असे म्हणून डोळे मिचकावले. शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले, त्या रात्री त्यानेच कारखान्यातून फोन करून मला कळवले.

पण हे नंतरचे. २०१४ च्या हिवाळ्यात नवा हंगाम सुरू झाला तेव्हा मला जोराचा सर्दी-ताप होता आणि गहुंज्याला जाणे शक्य नव्हते. दुपारी साडेबाराच्या सुमारास मोबाइल वाजला. थोरल्याचा संदेश. मी काही पाठवलेच नव्हते, तरी त्याने विचारले होते, “फल्लाह?” मी उशाशी चष्मा शोधू लागलो.