उंचीची पट्टी

आमच्या घरातली एक सहल दहा वर्षं राहून गेली होती. ती शेवटी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. त्या सहलीबद्दल लिहायचं ठरवून दोनदा बसले आणि दोनदा उठले. आज लिहितेच.

मी महाडजवळच्या एका गावात राहते. उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुलांचे अब्बा ऑगस्ट २००६ मध्ये शारजाला गेले, तेव्हा आमची थोरली पाच वर्षांची होती, मधली दोनची आणि धाकटा चार महिन्यांचा. आमच्या रायगड-रत्नागिरीत यात नवल काही नाही. आधीच्या पिढ्या जहाजावर गेल्या, आफ्रिकेत गेल्या. सत्तरच्या दशकात आखाताची वाट उघडली आणि गावातले बाप्ये तिकडे वळले. आमच्या मोहल्ल्यात भर दुपारी फिरलात तर म्हातारे, बायका आणि शाळकरी मुलंच दिसतील.

एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं. आमच्याच जिल्ह्यात एवढं मोठं काहीतरी झालं, याचं मुलांना फार कौतुक. थोरलीने फोनवर अब्बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या सुट्टीत आलो की जाऊ, इन्शाअल्लाह."

सुट्टी दोन वर्षांनी दोन महिन्यांची. २०१४ ला ते आले, पण भर पावसाळ्यात, आणि नणंदेचा निकाह होता. २०१६ ला घराचा स्लॅब टाकायचा होता. २०१८ ला सासरे आजारी पडले, दवाखाना आणि मग जनाजा. २०२० ला टाळेबंदीमुळे येणंच झालं नाही. २०२२ ला थोरलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. दरवेळी कारण खरं होतं आणि दरवेळी सहल पुढे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिसा कॅन्सल करून ते कायमचे घरी आले आणि आठवड्याभरात म्हणाले, "मुलांना त्या पार्कला न्यायचं राहिलंय."

मुलं! थोरली २३ वर्षांची, पनवेलला लॅबमध्ये नोकरी करणारी. मधली २० वर्षांची, कॉलेजात. धाकटा १८ पूर्ण, बारावी पास होऊन घरी बसलेला, बापापेक्षा चार बोटं उंच. पण त्यांच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? थोरलीने सुट्टी टाकली, मधलीने ऑनलाइन तिकिटं काढली. धाकटा फक्त "बरं" म्हणाला. त्याचं ते "बरं" मला अडकून राहिलं, कारण त्याच्या मनात काय चाललंय ते मला थोडंफार माहीत होतं.

आम्ही पहाटे फजर पढून निघालो. माणगाव, कोलाड, मग वाकणहून पालीचा रस्ता. मी रात्रीच तांदळाच्या भाकऱ्या, सुकं मटण आणि सांदण करून ठेवलं होतं. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून पार्किंगमध्येच गाडीच्या बॉनेटवर दस्तरखान अंथरला. आजूबाजूलाही तेच चाललं होतं. शेजारच्या गाडीतल्या एका आजीबाईंनी चकल्या पुढे केल्या, आम्ही सांदण दिलं. दिवाळीचा फराळ आणि आमचं सांदण एका बॉनेटवर आलं, म्हणजे सहल सुरू झाली असं मी मानलं.

शिक्षिकेला सहलीत एकच काम येतं, डोकी मोजायचं. १९८९ ला गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. आमच्या बाईंनी बोटीत चढताना आणि उतरताना आम्हांला असं मोजलं होतं, जणू कोंबड्याच. पुढे मी स्वतः मुलांना घेऊन ठिकठिकाणी गेले, तीही मोजतच. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं, तेव्हा मला टीव्हीवरची ती जुनी जाहिरात आठवली, त्यातला घरी न जाण्याचा तो हट्ट. आमच्या घरात प्रश्न उलटा होता. आमच्याकडचा माणूस घरी येऊ शकत नव्हता.

आत गेल्यावर मला मोजायला काही उरलं नाही. तिघंही आपापलं बघत होती. मुलांचे अब्बाच तेवढे लहान मुलासारखे पुढे पुढे धावत होते. एका राइडच्या दाराशी उंची मोजायची पट्टी होती. याहून कमी उंचीच्या मुलांना प्रवेश नाही, असं सांगणारी. त्यांनी धाकट्याचा दंड धरला आणि त्याला पट्टीला पाठ लावून उभं केलं. पट्टी त्याच्या छातीशी संपली. दारावरचा मुलगा हसला. मधलीही हसली. धाकटा हसला नाही.

याचं कारण आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आहे. दर सुट्टीत परत जायच्या आदल्या रात्री ते तिघांना त्या चौकटीशी उभे करायचे आणि पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहायचे. धाकट्याच्या सात रेघा आहेत. दोन रेघांमध्ये दरवेळी बरंच अंतर. बाकीच्या घरांत मुलं हळूहळू वाढतात. आमच्या घरात ती अब्बांना दोन वर्षांनी एकदम वाढलेली दिसायची.

आम्ही आधी सलीमगढ नावाच्या भुताच्या किल्ल्यात गेलो. मधली म्हणाली, "बघा अम्मी, भुतालाही आपल्यातलंच नाव!" मग अलिबाबाच्या राइडमध्ये गेलो. गाडीत बसून लेसरच्या बंदुकीने निशाणे टिपायचे. बाहेर आल्यावर माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. मी सांगितलं की अलिबाबाची गोष्ट 'अरेबियन नाइट्स'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. पॅरिसला हलबचा, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचा, हन्ना दियाब नावाचा एक तरुण आला होता. त्याने ती १७०९ मध्ये आँत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला तोंडी सांगितली आणि गालाँने आपल्या फ्रेंच पुस्तकात घातली. उर्दूत तिचं 'खुल जा सिमसिम' झालं, मराठीत 'तिळा तिळा दार उघड'. पोरींनी ऐकल्यासारखं केलं. धाकटा म्हणाला, "कासिमचं काय झालं होतं, अम्मी? तो आत गेला आणि बाहेर यायचा शब्द विसरला ना?"

मी म्हटलं, "हो. तीळ सोडून बाकी सगळ्या धान्यांची नावं घेतली त्याने."

मुलांचे अब्बा पुढे चालत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

नायट्रो हा तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. उंची ४० मीटरच्या आसपास, पाच वेळा माणूस उलटा होतो. बसल्यावर पायाखालची फळी निघून जाते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. दिवाळीची गर्दी, रांग मोठी. फोन, पाकिटं सगळं लॉकरमध्ये. मधलीने स्कार्फची पिन काढून डोक्यावरून ओढायचा शिवलेला हिजाब घातला होता. ती यासाठी घरूनच तयारी करून आली होती.

अशा ठिकाणी दोन मिनिटांच्या राइडसाठी तासभर उभं राहावं लागतं, म्हणून लोक वैतागतात. मला मात्र वाटतं, मोठ्या मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाण्यात खरी कमाई रांगेचीच आहे. हातात फोन नाही, उठून खोलीत जाता येत नाही, पुढे माणसं, मागे माणसं. घरात दीड महिन्यात न झालेलं बोलणं आमचं त्या रांगेत झालं. घरात आम्ही कोकणी बोलतो, इथे मराठीत लिहिते.

धाकटा एकदम म्हणाला, "अब्बा, मी पासपोर्टचा अर्ज भरलाय. मामू दुबईला लावून देतो म्हणतायत. गोडाऊनमध्ये."

ते काही बोलले नाहीत. रांग दोन पावलं सरकली.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"दोन-तीन. थोडे पैसे जमले की परत."

"मीही दोन-तीनच म्हणालो होतो."

धाकटा म्हणाला, "तुम्हांला कोण अडवत होतं? मी हिशेब केलाय अब्बा. तुम्ही सात वेळा आलात. दोन-दोन महिने. अठरा वर्षांत चौदा महिने घरी होता. मला सायकल तुम्ही नाही शिकवली, चाचांनी शिकवली. आता आलात आणि मला पट्टीला उभं करता."

आमच्या पुढचं जोडपं उगाच दुसरीकडे बघू लागलं. मला वाटलं, आता आवाज चढणार. थोरलीने माझा हात धरला.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "तू चौदा महिने मोजलेस. मी उरलेले मोजत होतो. आठ जणांची खोली होती, बंक बेड. सुट्टीच्या दिवशी बोटिमवर तुम्हां सगळ्यांचं तोंड बघायचं. तू बोलायचास ते 'अस्सलामु अलैकुम, अब्बा कसे आहात' एवढंच. पुढे काय विचारायचं ते मलाही कळायचं नाही. मग मी विचारायचो, जेवलास का." थोडं थांबून म्हणाले, "परत यायचं कसं ते नाही कळलं रे. दरवेळी वाटायचं, हा स्लॅब झाला की. ही फी भरली की."

म्हणजे कासिमची गोष्ट त्यांनी ऐकली होती.

धाकट्याने मान खाली घातली. "मग मी इथे काय करू ते सांगा," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. हा प्रश्न खरा आहे. आमच्या तालुक्यात बारावी झालेल्या मुलाला विचारा. एमआयडीसीत कंत्राटी काम, नाहीतर रिक्षा, नाहीतर पासपोर्ट. नुसतं 'जाऊ नको' म्हणणं सोपं आहे, आणि ज्या पैशांवर घर उभं राहिलं, मुलींची शिक्षणं झाली, त्याच पैशांना नावं ठेवणं आम्हांला शोभतही नाही.

ते म्हणाले, "मी एसीच्या कामात एवढी वर्षं काढली. माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं, म्हणून हेल्पर गेलो आणि कितीतरी वर्षं हेल्परच राहिलो. जायचं तर जा. पण गोडाऊनमध्ये नाही. आधी आयटीआय कर, हातात कागद घे. तोवर माझ्याबरोबर इथे दोन-चार घरांचे एसी बघ. मग तू ठरव."

रांग दारापर्यंत आली. मी बसायचं टाळण्यासाठी बाजूच्या दाराने बाहेर पडले. मुली एका रांगेत बसल्या, बापलेक दुसऱ्या. खालून बघताना मला फक्त लोंबकळणारे पाय दिसले. कुठले त्यांचे, कुठले त्याचे, ओळखू येत नव्हते. ते खाली आले तेव्हा मुलांच्या अब्बांचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकट्याने त्यांना बाकावर बसवलं, पाणी आणलं आणि म्हणाला, "जेवलात का?" मग दोघंही खूप हसले. मला सकाळपासून तेवढंच हवं होतं.

दुपारी एका झाडाच्या सावलीत आम्ही नमाज पढलो. आम्ही शाफई, प्रवासात जुहर आणि असर कसर करून एकत्र पढण्याची सवलत आम्हांला आहे. इमामत अब्बांनी केली, धाकटा त्यांच्या उजव्या हाताला, आम्ही तिघी मागे. संध्याकाळी 'आय फॉर इंडिया'मध्ये बसलो. खुर्च्या उचलल्या जातात, पाय अधांतरी राहतात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आपण देशावरून उडत जातो. मुलांचे अब्बा म्हणाले, "मी हा देश वरून सोळा वेळा तरी बघितलाय. अर्ध्या वेळा तर डोळ्यांतल्या पाण्यामुळे काही दिसलंच नाही."

परतताना गाडीत ते तिकिटांचा खर्च दिरहममध्ये मांडत होते. सवय जात नाही. थोरली म्हणाली, "अब्बा, आता रुपयांतच मोजा."

पासपोर्ट डिसेंबरात पोस्टाने आला. तो कपाटात आहे, अब्बांच्या जुन्या पासपोर्टशेजारी. धाकट्याने रेफ्रिजरेशन आणि एसीच्या ट्रेडची चौकशी केली आहे, आयटीआयचे प्रवेश निघाले की अर्ज भरणार आहे. तोवर बापाबरोबर स्कूटरवर मागे बसून शिडी धरायला जातो. मामूंचे फोनही येतात. तो पुढे जाईल की राहील, मला सांगता येत नाही. मी त्याच्यासाठी दुआ करते ती जाण्याची किंवा राहण्याची नसते. जिथे असेल तिथून घरी येण्याचा शब्द त्याला आठवत राहो, एवढीच असते.

ज्यांच्या घरचा माणूस सुट्टीवर येणार आहे, त्यांना एक शिक्षिका म्हणून नाही, स्वतः चुकलेली बाई म्हणून सांगते. स्लॅब पुढच्या वर्षी टाका. मुलं बारा वर्षांची असतानाच सहलीला जा. आणि तेव्हा राहून गेलं असेल तर तेविसाव्या वर्षी जा, पण जा.

त्या रात्री घरी पोचल्यावर मी चहा ठेवला. मागे खुडबूड झाली म्हणून वळून बघितलं. धाकटा स्वतःच स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता आणि अब्बा स्टूल शोधत होते.