हिमवादळातील दोन शिक्षिका

बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयाची शुभ्र, शांत शिखरे उभी राहतात. त्याचे उग्र रूप मला कळले, ते अमेरिकेतील १८८८ सालच्या हिमवादळाची हकीकत वाचताना.

१२ जानेवारीची ती सकाळ हिवाळ्याच्या मानाने मोठी उबदार होती. नेब्रास्का आणि डकोटा या भागांतील कित्येक मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली. पुढे उत्तरेकडून अतिशीत हवेचा प्रचंड लोट त्या सपाट माळरानावर कोसळला. पाहता पाहता पारा झरझर उतरला. पिठासारखा बारीक बर्फ वाऱ्याबरोबर असा उधळू लागला, की चार पावलांवरचेही काही दिसेना. त्या वादळात सुमारे २३५ माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. म्हणूनच त्याला 'शाळकरी मुलांचे हिमवादळ' असे नाव पडले.

नेब्रास्कातील मिनी फ्रीमन ही तरुण शिक्षिका गवताळ जमिनीचे थर कापून बांधलेल्या एका लहानशा शाळेत शिकवीत होती. वाऱ्याने शाळेचे छप्पर उडवून नेले, तेव्हा तेथे थांबणे अशक्य झाले. डझनभराहून अधिक मुलांना तिने एकत्र केले आणि एका शेतघरी सुखरूप पोहोचविले. तिने मुलांना दोरीने बांधून घेतले होते, असेही सांगतात. साऱ्या देशाने तिचा गौरव केला.

त्याच राज्यातील लोइस रॉइस या शिक्षिकेजवळ तीन मुले होती. शाळेतील जळण संपले. तिचे बिऱ्हाड २०० यार्डही दूर नव्हते. मुलांना घेऊन ती निघाली. पण त्या पांढऱ्या अंधारात वाट चुकली. रात्रभर तिने मुलांना कुशीत घेऊन ऊब देण्याचा प्रयत्न केला. सकाळपर्यंत तिन्ही मुले गेली. हिमाने गोठलेले तिचे पायही पुढे कापावे लागले.

दोघींनीही निरुपायाने शाळा सोडली. मुलांना मात्र सोडले नाही. एकीला घर सापडले, दुसरीला सापडले नाही, एवढाच काय तो भेद.

पावसाळ्यात आमच्या शाळेजवळच्या ओढ्याला पाणी चढू लागे, तेव्हा मुलांना घरी सोडावे की ठेवून घ्यावे, हे मला तत्काळ ठरवावे लागे. मुले सुखरूप पोहोचली, की लोक माझ्या दूरदृष्टीची वाखाणणी करीत. ओढा आणखी हातभर चढला असता, तर तोच निर्णय अविचार ठरला असता, हे मी मनोमन जाणून असे.

मुलांनो, यश सर्वस्वी आपल्या स्वाधीन नसते. जबाबदारी मात्र आपली असते. ज्याच्या पदरी अपयश आले, त्याला बोल लावण्यापूर्वी एवढेच पाहावे, की त्याने धरलेला हात सोडला होता का?