आपले कोणी आहे का?

बदलीच्या नोकरीत माणसाला काही कला आपोआप साधतात. सामानाच्या पेट्या कोणत्या क्रमाने भराव्यात, नव्या गावातील घरमालकाशी किती बोलावे आणि किती बोलू नये, मुलांच्या शाळेचे दाखले कोणत्या महिन्यात मागावेत, या साऱ्याचे एक शास्त्रच आहे. पंचवीस वर्षांत माझ्या सात बदल्या झाल्या आणि या शास्त्रात आपण पारंगत झालो आहोत असा माझा समज होता. नव्या ठिकाणी रुजू होताच पहिल्या आठवड्यात मी एक टिपणवही तयार करतो. दूधवाला, इस्त्रीवाला, औषधांचे दुकान, गॅसची एजन्सी, गाडी दुरुस्त करणारा कारागीर, सर्वांचे क्रमांक तिच्यात व्यवस्थित रकाने पाडून लिहिलेले असतात. हैदराबादेतील माझी वही तर अगदी नमुनेदार आहे. तथापि तिच्यात एक महत्त्वाची नोंद राहून गेली होती, आणि ती उणीव मला एका हवालदाराने दाखवून दिली.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातील. आमच्या कचेरीतील एक सहकारी बढती मिळून दिल्लीस निघाले होते. बंजारा हिल्सवर एका स्नेह्याच्या घरी त्यांच्या निरोपाचे जेवण होते, आणि जेवणापूर्वी पेले फिरले. मी पट्टीचा पिणारा नाही. परंतु अशा वेळी नाही म्हणण्यात जी शिष्टपणाची छटा येते ती मला टाळायची होती. शिवाय सौ. आणि मुलगी दोघीही मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यास. घरी वाट पाहणारे कोणी नाही. पहिला पेला शिष्टाचाराचा होता, दुसरा मैत्रीचा. तिसरा कशाचा होता ते आता आठवत नाही. अकराच्या पुढे मी गाडीत बसलो तेव्हा माझा हात स्थिर होता, बोलणे स्वच्छ होते आणि आपण पूर्ण शुद्धीवर आहोत याविषयी मनात यत्किंचित शंका नव्हती. ही शंका न येणे हेच त्या पेयाचे पहिले लक्षण होय, हे ज्ञान मला पुढे झाले.

हुसेनसागराच्या काठाने येताना रस्त्यावर लोखंडी अडसर लावलेले दिसले. पाऊस भुरभुरत होता. एका तरुण हवालदाराने काच खाली करावयास लावून एक लहानसे यंत्र माझ्या तोंडाशी धरले. "फूंको साब," तो म्हणाला. मी फुंकले. पडद्यावर ६४ हा आकडा उमटला.

मी हिशेब खात्यातला माणूस. आकडा समोर आला की त्याची उलटतपासणी केल्यावाचून मला चैन पडत नाही. पुढील आठ दिवसांत या ६४ चा मी जेवढा अभ्यास केला तेवढा खात्याच्या परीक्षेचाही केला नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की चालकाचा अपराध झाला. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची शिक्षा आहे. इंग्लंडात हीच मर्यादा ८० आहे आणि स्कॉटलंडात ५०. म्हणजे त्या रात्री मी लंडनमध्ये निर्दोष, एडिंबरोत दोषी आणि हैदराबादेत दुपटीहून अधिक दोषी होतो! आपले यकृत ताशी सुमारे पंधरा मिलिग्रॅम या सावकाश गतीने हे विष उपसते. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. तेव्हा मर्यादेखाली येण्यास मला सव्वादोन तास आणि पूर्ण कोरडे होण्यास सव्वाचार तास लागले असते. मी मात्र शेवटचा पेला खाली ठेवून अर्ध्या तासाच्या आत चाकामागे बसलो होतो.

हवालदार अदबीने बोलत होता. "साब, गाडी अब आप नहीं चलाते. लायसन वाला कोई है तो बुला लेव, वो लेके जाएंगा. इधर आपका कोई है क्या?"

हा प्रश्न त्याने मनाने काढलेला नव्हता. चालक प्यालेला असला तरी दुसरा कोणी शुद्धीवरचा परवानाधारक येत असेल तर वाहन त्याच्या हवाली करावे, असे तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगून ठेवले आहे. म्हणजे माझी गाडी जप्त होणे अटळ नव्हते. एका माणसाने यावे आणि किल्ली घ्यावी, एवढाच प्रश्न होता.

मी दूरध्वनी हातात घेतला. त्यात चारशेहून अधिक नावे होती. कचेरीतील हाताखालच्या कोणाला बोलावले असते तर तो धावत आला असता. पण सकाळी दहाच्या आत ही वार्ता प्रत्येक टेबलावर पोचली असती. बरोबरीचे अधिकारी सारे त्याच मेजवानीतून निघालेले, म्हणजे माझ्याच पंक्तीतले. महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीसांचे नाव आले. गणेशोत्सवात त्यांनी मला बक्षीस समारंभास बोलावले होते आणि मी मुलांना संयमावर चार शब्द सांगितले होते. ते नावही मी वर सरकवले. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी इमारत त्यांना 'मास्टारु' म्हणते. तीन वर्षे आम्ही जिन्यात एकमेकांना नमस्कार करीत होतो. त्यांचा क्रमांक माझ्यापाशी नव्हता.

"कोई नहीं," मी म्हणालो.

हवालदाराने कागदावर काही खूण केली. गाडीची किल्ली आणि माझा परवाना त्याने घेतला, नोटिशीवर माझी सही घेतली, चौकीत थोडा वेळ बसवून ठेवले आणि मग जाऊ दिले. घरी रिक्षाने येताना मला अपराधाची लाज वाटत होती, असे सांगितले तर ते खोटे होईल. लोकांना कळेल काय, एवढीच एक धास्ती मनात होती. त्या दोन शब्दांचा अर्थ ध्यानात यायला अजून काही दिवस जायचे होते.

सकाळी मास्टारु फाटकापाशी भेटले. माझी मोकळी जागा पाहून त्यांनी हिंदीत विचारले, "गाडी दुरुस्तीला टाकली काय?" मी हो म्हटले. "मग चला माझ्याबरोबर. नातवाला शाळेत सोडायला मी त्याच रस्त्याने जातो." पुढे आठ दिवस मी त्यांच्या जुन्या गाडीत, नातवाची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, कचेरीस गेलो. रोज सकाळी ते आस्थेने दुरुस्तीची चौकशी करीत. पहिल्या दिवशी माझ्या गाडीचा क्लच गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याचा सुटा भाग मुंबईहून यायचा होता. सहाव्या दिवशी तो आला, पण चुकीचा आला. मास्टारु हळहळले आणि आपल्या ओळखीचा एक प्रामाणिक कारागीर त्यांनी सुचवला. हिशेबाच्या वहीत एक खोटी नोंद केली की तिच्या आधारासाठी दहा कराव्या लागतात, हे मी उमेदवारांना किती वेळा शिकवले होते!

दरम्यान पोलिसांकडून निरोप आला: समुपदेशनासाठी गोशामहाल येथील वाहतूक प्रशिक्षण संस्थेत हजर राहावे, सोबत कुटुंबातील एक व्यक्ती असणे आवश्यक. पुन्हा तोच प्रश्न! या खेपेस मात्र 'कोणी नाही' म्हणून सुटका नव्हती. मी पुण्यास दूरध्वनी केला आणि सौ.ला सारे सांगितले. क्षणभर पलीकडून काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "तुम्हाला लागलं नाही ना? आणि कुणाला लागलं नाही ना?"

दुसरा प्रश्न त्या क्षणापर्यंत माझ्या मनात आलाच नव्हता. चार दिवस मी माझ्या नावाचा, नोकरीचा आणि गाडीचा विचार करीत होतो. त्या रात्री रस्त्यावर आणखीही माणसे होती; भर पावसात बायकोला मागे बसवून दुचाकीवरून जाणारा कोणी होता, टपरी बंद करून रस्ता ओलांडणारा कोणी होता. त्यांच्यापैकी एकही माझ्या हिशेबात नव्हता. "रात्रीच्या गाडीने येते," एवढे बोलून तिने दूरध्वनी ठेवला.

गोशा म्हणजे पडदा. मराठीतही हा शब्द 'गोषा' या रूपाने रुळलेला आहे. गोवळकोंड्याच्या अखेरच्या सुलतानाने, १६७७ साली शिवछत्रपतींचे भागानगरात स्वागत करणाऱ्या अबुल हसनाने, येथे महाल बांधला असे सांगतात. पडद्यात राहण्याची धडपड करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच जागी आणून उघडा करावा, यात दैवाचा विनोद होता. दालनात पन्नाससाठ माणसे होती. रिक्षाचालक होते, महाविद्यालयीन तरुण होते, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र विसरून आलेला एक संगणक-अभियंता वडिलांच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. एका तरुणाची म्हातारी आई सारखी त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट करीत होती. अपघातांची चित्रे दाखवण्यात आली. नंतर समुपदेशक एकेका कुटुंबाशी बोलू लागले. त्यांनी सौ.ला विचारले, "हे घेतात हे आपल्याला ठाऊक होते?"

"मला ठाऊक होतं," ती शांतपणे म्हणाली. "मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं."

दोन घरांत विभागलेल्या संसाराचे इतके नेमके लेखापरीक्षण मी कधी वाचले नाही.

न्यायालयातील काम मिनिटभराचे. नाव पुकारले, अपराध कबूल का म्हणून विचारले, मी कबूल म्हणालो, दंड झाला, तो भरला. त्याहून कठीण काम संध्याकाळी झाले. सेवेतील माणसाने असा प्रसंग वरिष्ठांस स्वतः कळवावयाचा असतो, हे या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील बाविसावा नियमही आपणा सर्वांस पाठ आहे. मी पत्र लिहावयास बसलो आणि एका जुन्या प्रकरणाची आठवण झाली. दुसऱ्या एका शहरात आमच्या कचेरीच्या गाडीचा चालक प्यालेला सापडला होता. त्याने तीन पानी अर्ज दिला होता. त्यात आजारी मुलाचा, कर्जाचा, परक्या गावाचा उल्लेख होता. मी त्यावर एक ओळ लिहिली होती : 'खुलासा समाधानकारक नाही.' माझ्या पत्रात मी परक्या गावाचा उल्लेख केला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी आणावयास गेलो. जप्त वाहने ठाण्यांत दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. तरीही त्या आवारात कित्येक दुचाक्यांच्या चाकांतून गवत वर आले होते. प्रत्येकीमागे कोणीतरी 'कोणी नाही' म्हणाले असेल काय, असे मला वाटून गेले. आमची गाडी भिंतीकडे होती. पावसाने तिच्यावर चिखलाचे ओघळ काढले होते, आणि आतल्या छोट्या गणपतीपुढचे फूल सुकून काळे पडले होते. नोंदणीचा दाखला, विमा, ओळखपत्र, दंडाची पावती, सारे कागद मी क्रमवार लावून दिले. प्रदूषणाच्या दाखल्याची मुदत मात्र गाडी आवारात असतानाच संपली होती. दाखल्यावाचून गाडी द्यावी कशी, आणि गाडीवाचून दाखला आणावा कसा? मी असतो तर आक्षेप काढून प्रकरण परत पाठवले असते. टेबलामागील वयस्क जमादाराने चष्म्यावरून पाहिले आणि म्हटले, "यहाँ से सीधे पंप पे जाव, पहले वो करा लेव." आणि शिक्का मारला.

"चलाएंगा कौन?" त्याने विचारले. सौ.ने आपला परवाना पुढे केला.

आमच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. ती गाडी चालवते आणि मी डाव्या बाजूस बसलो आहे, असे त्या दिवशी प्रथमच घडले. तिने आसन पुढे ओढले, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. पंपावर तपासणी करून घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. फाटकाशी आल्यावर मात्र म्हणाली, "त्या मास्तरांना आता खरं सांगा. रोज क्लचची काळजी करतात बिचारे."

मी खालच्या मजल्यावर गेलो आणि उभ्यानेच सारे सांगितले. खोट्या क्लचबद्दल क्षमा मागितली. मास्टारु ऐकत होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, "किती वाजता अडवले आपल्याला?"

"साडेअकरा वाजले असतील."

"मी बारा वाजेपर्यंत रेडिओ ऐकतो," ते म्हणाले. "त्या रात्रीही जागाच होतो."

मला काही बोलता येईना. त्यांच्या पत्नीने कॉफी आणली. मग आत जाऊन त्यांनी आपली वही आणली. तिच्यात माझे नाव, मजला आणि कचेरीचा पत्ता तीन वर्षांपूर्वीच लिहिलेला होता. क्रमांकाची जागा रिकामी होती. तो त्यांनी मला विचारून भरून घेतला.

वर येऊन मी माझी टिपणवही उघडली. दूधवाल्याच्या वर थोडी जागा होती.